खरं, पण सापडलं नाही

पोलिसांच्या मराठीत ‘ए समरी’ नावाचा एक प्रकार आहे. गुन्हा घडला हे खरं, पण करणारा सापडला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात देतात आणि फाइल मिटते. फिर्याद खोटी निघाली तर ‘बी’, गैरसमजातून दिलेली निघाली तर ‘सी’. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्यातले लोक कोर्टाचे, तलाठ्याचे, पोलिसांचे कागद माझ्याकडे वाचून घ्यायला आणतात. ए समरीची नोटीस मी पहिल्यांदा वाचली ती अशीच, एका बाईंना वाचून दाखवताना. अर्थ सांगितला : वाकया सच है, मुलजिम नहीं मिला. त्या म्हणाल्या, “सच है तो फिर मिला क्यूं नहीं?”

हा प्रश्न एका बाईंचा नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत दोन हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले आणि त्यातले तेराशेहून अधिक याच ‘खरं, पण सापडलं नाही’च्या शिक्क्याखाली बंद झाले. नऊशे माणसं मेली होती. अमेरिकेसारख्या देशातही १९६० च्या दशकात दहापैकी नऊ खुनांचा तपास लागत असे, अलीकडे ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं आहे. प्रयोगशाळा वाढल्या, डीएनए आला, चौकाचौकात कॅमेरे लागले आणि तपास लागण्याचं प्रमाण घसरलं. आपल्याकडचे सरकारी आकडे वरवर बरे दिसतात. खुनाच्या दहापैकी आठ प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल होतं. पण निकाल लागलेल्या खटल्यांत निम्म्याहून कमी प्रकरणांत शिक्षा होते. आरोपपत्र गेलं म्हणजे गुन्हा सुटला असं आपण मोजतो. या मोजण्यातच घोळ आहे, त्याकडे पुढे येतो.

शास्त्राचं महत्त्व मी कमी करत नाही. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण ज्या पद्धतीने जगभर रुजलं, ती हेन्री साहेबाच्या नावाने ओळखली जाते, पण तिचं गणित बसवलं ते काझी अझीझुल हक या बंगाली फौजदाराने. खुलना जिल्ह्यातला, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला हा तरुण. ठशांच्या चिठ्ठ्या त्याने १०२४ खान्यांत लावून दाखवल्या. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातली पहिली ठसे शाखा उघडली, चार वर्षांनी लंडनच्या स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत घेतली. वर्गात मुलांना मी हे नाव मुद्दाम सांगतो. पण ठसा कुणाच्या तरी बोटाशी जुळवावा लागतो, आणि ते बोट कुणाचं असेल हे बहुतेक वेळा एखादा माणूसच सांगतो. शेजारी, चहावाला, गच्चीवरची म्हातारी. खून पहिल्या काही तासांत सुटतो तो कुणीतरी तोंड उघडल्यामुळे. तोंड कधी उघडतं आणि कधी मिटतं, याचा दोनशे वर्षांचा इतिहास आपल्या खानदेशातच पडलेला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा हा मुलूख उजाड होता. होळकर-पेंढाऱ्यांच्या धुमाकुळात गावं ओस पडलेली, सातमाळा आणि सातपुड्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांच्या टोळ्या. वाटमारी, खून, गुरं पळवणं रोजचं. इंग्रजांनी आधी फौज पाठवली. फौज डोंगरात शिरली की भिल्ल दुसऱ्या डोंगरात. शिपायांना ना वाटा ठाऊक, ना बोली. गावकरी काही सांगत नसत, कारण फौज परत जाणार आणि नाईक इथेच राहणार हे त्यांना माहीत होतं. पकडून फाशी दिली, पाडे जाळले, तरी सात वर्षं फरक पडला नाही.

१८२५ मध्ये धोरण बदललं. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात भिल्लांसाठी वेगळ्या एजन्सी नेमल्या. जुने गुन्हे माफ, जमीन कसायला तगाई, गावच्या जागल्याचे जुने हक्क चालू. आणि जेम्स आउट्रम नावाच्या विशीतल्या अधिकाऱ्याला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. तिचं ठाणं धरणगावला होतं, आजच्या जळगाव जिल्ह्यात. आउट्रम त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा. बघता बघता जे काल वाट अडवत होते तेच वाट राखू लागले. या भिल्लांत सातपुड्याच्या पायथ्याचे तडवीही होते, म्हणजे यावल-रावेर-चोपड्याकडचे मुसलमान भिल्ल, ज्यांना आपल्याच समाजातले पुष्कळ लोक आज विसरतात.

आउट्रमला मला संत करायचं नाही. माफीच्या हाताबरोबर दुसऱ्या हातात बंदूक होतीच आणि हे सगळं सरकारचा महसूल नीट यावा म्हणून चाललं होतं. सेंधव्याचा घाट राखण्याची नोकरी करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठला, तेही विसरू नये. पण पोलिसी कामाच्या दृष्टीने धरणगावचा धडा साधा आहे. ज्या वस्तीत गुन्हा घडतो त्या वस्तीतली माणसं तपासणाऱ्यांत असतील, तर माहिती आपोआप येते. बाहेरून आलेल्या फौजेला ती विकत घेऊनही मिळत नाही.

इंग्रजांनी हा धडा स्वतःच पुसला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. आता गुन्हा कुणी केला हे शोधण्याची गरजच उरली नाही. जमात ठरलेली, हजेरी ठरलेली, संशय ठरलेला. असा तपास स्वस्त पडतो. खरा चोर त्यात सुखाने सुटतो.

आता १९७०. ७ मेला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि दुसऱ्या दिवशी, ८ मेला, ती जळगावात पोहोचली. लाखभर वस्तीचं शहर. ४३ माणसं मारली गेली, त्यात ४२ मुसलमान. मालमत्तेचं नुकसान सुमारे चौतीस लाखांचं, तेही जवळजवळ सगळं मुसलमानांचं. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा पिरोशा मादन यांचा आयोग नेमला. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणांवर त्यांनी लिहिलेला अहवाल अनेक खंडांचा आहे. मराठी मुसलमानांनी तो वाचायला हवा होता असं मला फार वाटतं. आपल्याकडे त्याचा उल्लेख भाषणात होतो, वाचलेला क्वचित कुणी सापडतो.

आमच्या घरात १९७० बद्दल बोललं जात नसे. अब्बा तेव्हा नववीत होते. दादा गच्चीवर होते आणि त्यांनी पाहिलं होतं, एवढंच मला खूप उशिरा कळलं. काय पाहिलं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांचं गणित सरळ होतं : जो दुसऱ्याचं नाव घेईल त्याचं स्वतःचं नाव कागदावर येईल, आणि उद्या त्याच गल्लीत दुकान उघडायचं आहे. गवाही लपवू नये हे त्यांनीच आम्हा मुलांना शिकवलं होतं. नमाजी माणूस. तरी ते गप्प राहिले.

ही भीती हवेतून आलेली नव्हती, हे मादन अहवालाचा भिवंडीचा भाग वाचल्यावर समजतं. तिथल्या दंगलीच्या तपासासाठी पोलिसांनी खास पथक नेमलं होतं. या पथकाने शक्य तितके मुसलमान अडकवायचे आणि शक्य तितके हिंदू वगळायचे या रीतीने काम केलं, असा न्यायमूर्तींनी निष्कर्ष काढला. भिवंडीत मेलेल्यांत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू होते. दखलपात्र गुन्ह्यांखाली अटक झाली ती ९०१ मुसलमानांना आणि २१ हिंदूंना. हे वाचून आपल्यापैकी अनेक जण फक्त अन्यायाचा हिशेब करतात. तो बरोबरच आहे. पण दुसरा हिशेबही करा. त्या १७ हिंदू कुटुंबांना तरी न्याय मिळण्याची शक्यता अशा तपासाने वाढली का? खोटी नावं घातलेल्या प्रकरणात खरं नावही टिकत नाही. एक साक्ष बनावट निघाली की वकील बाकीच्या दहा साक्षी त्याच टोपलीत टाकतो. पक्षपाती तपास दोन्ही बाजूंच्या मयतांना मारतो.

आयोगाने साक्षी घेतल्या, उलटतपासणी होऊ दिली, पोलिसांच्या स्वतःच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हणजे जो तपास ठाण्यात व्हायला हवा होता तो न्यायमूर्तींच्या दालनात झाला. पण आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, आणि आयोगापुढे दिलेली साक्ष देणाऱ्याविरुद्ध खटल्यात वापरताही येत नाही. इतिहास मिळाला, शिक्षा त्यातून मिळणार नव्हती.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरात मालेगाव येतं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, जुम्म्याचा दिवस. मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली आणि वर्ष संपायच्या आत आरोपपत्र तयार. आकड्यांच्या भाषेत गुन्हा ‘उघडकीस’ आला. त्यातला एक जण त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात नमाज पढवत होता, अख्खी जमात त्याच्या मागे उभी होती. आणखी एक जण तर स्फोटाच्या आधीपासून पोलिसांच्याच ताब्यात होता. फुलसावंगीला जाऊन दहा माणसांना विचारायला एक दिवस लागला असता. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं २५ एप्रिल २०१६ रोजी. तोवर नवातला एक जण हे जग सोडून गेला होता. आणि कब्रस्तानच्या दारात मेलेल्यांचं काय? दहा वर्षं चुकीच्या माणसांवर गेली, तेवढ्या वेळात खऱ्या माग काढायच्या खुणा थंड पडल्या. आरोपपत्राला ‘गुन्हा सुटला’ म्हणण्यातला घोळ तो हा. पोलीस अधिकाऱ्याचं काम आरोपपत्राच्या तारखेने न मोजता निकालाने मोजलं, तर घाईघाईने उचललेल्या माणसांचं पीक बरंच कमी होईल असं माझं मत आहे.

भाषेबद्दल बोलायला हवं, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. पोलिसी मराठी बघा : फिर्याद, जबाब, पंचनामा, इसम, मयत, हजर, जखमी, कैद. निम्मा शब्दकोश फारसी-अरबीतून आलेला. ‘इस्म’ म्हणजे अरबीत नाव, पोलिसांच्या कागदात ‘इसम’ म्हणजे माणूस, आणि ‘अज्ञात इसम’ म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही असं नाव! गंमत बाजूला. शब्द आपल्या ओळखीचे असूनही जबाब आपला राहत नाही. बाई सांगते, “वो लंबावाला, टेलर के बाजू में रहता सो, उसके हात में पाइप था.” कागदावर उतरतं, “अज्ञात इसमाने कोणत्यातरी हत्याराने मारहाण केली.” टेलर गेला, उंची गेली, पाइप गेला. सहा वर्षांनी कोर्टात ती बाई टेलरशेजारच्या माणसाकडे बोट दाखवते, तेव्हा वकील म्हणतो, जबाबात हे नाही, म्हणजे नंतर रचलेलं आहे. अहिराणी बोलणाऱ्या शेतमजुराचं, पावरी बोलणाऱ्या बाईचं असंच होतं.

नावांचंही तेच. आपल्याकडे शेख रऊफ शेख गफूर असं नाव असतं. दाखल्यावर रउफ, आधारवर रौफ, फिर्यादीत अब्दुल रऊफ. शाळेचे दाखले लिहिताना मी हे रोज पाहतो आणि मुख्याध्यापकांशी यावरून वादही घालतो. खटल्यात हे तीन वेगळे साक्षीदार आहेत का असा प्रश्न उभा करायला एवढं पुरतं.

कायद्यात यावर तोडगा आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायची असते, मगच सही. तिची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते, हे अनेकांना ठाऊक नाही. हा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत परवानगी आहे. ज्या साक्षीदाराची बोली ठाणे अंमलदाराला येत नाही त्याच्या बाबतीत हे नेहमी करावं. टेलर आणि पाइप दोन्ही वाचतील. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं त्याच संहितेत आहे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं, हेही आहे.

चित्रफीत काय करू शकते ते धुळ्याने पाहिलं आहे. ६ जानेवारी २०१३ ला मच्छी बाजार भागात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुण मेले. नंतर बाहेर आलेल्या मोबाइल चित्रफितींत गणवेशातले पोलीस तोडफोड करताना, सामान उचलताना दिसले. त्यावरून काही पोलिसांना अटक झाली. शब्दावर कुणी विश्वास ठेवला असता का, शंका आहे.

पाच वर्षांनी याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडून आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं आणि मारताना चित्रीकरणही केलं. जमावाच्या खुनात ‘सगळ्यांनी मारलं म्हणजे कुणीच नाही’ अशी पळवाट असते. इथे ती पूर्ण चालली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. साडेपाच वर्षं लागली, तरी ‘खरं, पण सापडलं नाही’ असा शेवट झाला नाही. मरणारे मुसलमान नव्हते, मारणारेही बहुतेक गरीब आदिवासी भागातले. पण अनोळखी, भटका, दुसऱ्या बोलीचा माणूस म्हणजे चोरच, हा १८७१ चा कायदा कागदावरून गेला तरी डोक्यातून गेलेला नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, एका २१ वर्षांच्या मुसलमान तरुणाला जमावाने मारून टाकलं, तेव्हा राईनपाड्याचा निकाल मला पुन्हा पुन्हा आठवला. त्या प्रकरणावर इथे जास्त लिहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त करणारे पोलीस वेगळे करा. फार शहाणपणाची गोष्ट. जो फौजदार सकाळी खुनाचा पंचनामा करतो, दुपारी मंत्र्याच्या दौऱ्यावर आणि रात्री मिरवणुकीत उभा राहतो, त्याच्याकडून फुलसावंगीला जाण्याची अपेक्षा कशी करणार? पण न्यायालयाने सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करायला सांगितली. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांचं, धुळे पावणेचार लाखांचं. आपला नंबर लागायला लोकसंख्या दुपटीहून जास्त व्हायची वाट पाहायची की काय!

राहिला धरणगावचा धडा, आतल्या माणसाचा. महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत, पोलीस दलात त्याहून बरेच कमी. भेदभाव असेल, आहेही. पण आमच्या बाजूची एक गोष्ट मी जवळून पाहतो. शिपाई भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते आणि उर्दू माध्यमाची मुलं मैदानावर पास होऊन संधी, समास आणि प्रयोगांत अडकतात. धावण्यात पहिला आलेला मुलगा ‘कर्मणी प्रयोग’ म्हणजे काय ते विचारतो. दोन वर्षांपासून इशाच्या नमाजनंतर तासभर मी व्याकरण घेतो. यंदा नऊ मुलं आहेत, त्यात दोन तडवी, आणि एक मुलगी, जी सगळ्यांत आधी येऊन बसते. गेल्या आठवड्यात त्यांना सराव दिला : एका उर्दू बोलणाऱ्या बाईचं म्हणणं ऐका आणि तिचा एकही तपशील न गाळता मराठीत जबाब लिहा. नवांपैकी तिघांच्या कागदावर टेलर होता.